खिडकीची काच तडकलीय, डिरेक्टरीतून काचवाला शोधताना नेमकं काय सांगायचं?

गुलबक्षी (८ जून, रात्री ९:५०)

नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आम्ही पुण्यात सिंहगड रोडला राहतो, सातवा मजला. परवाच्या वादळात बाबांच्या खोलीतल्या स्लायडिंग खिडकीचं एक शटर इतक्या जोरात आपटलं की काचेला खालच्या कोपऱ्यातून निघून पार वरपर्यंत तडा गेला. काच पडलेली नाही, रबरात धरून आहे अजून. पण बाबांचा पलंग नेमका त्या खिडकीखाली, बाबा ७८ वर्षांचे, आणि खाली सोसायटीची मुलं संध्याकाळी सायकली फिरवतात, त्यामुळे दोन रात्री माझा डोळ्याला डोळा नाही. पलंग हलवला, वॉचमनकाकांना सांगून खाली कुंड्या आडव्या लावून जागा बंद केली, तेवढंच सुचलं.

आता मुद्दा. आमच्या ओळखीचा काचवाला कुणीच नाही, बिल्डरचा माणूस फोन उचलत नाही, म्हणून एका डिरेक्टरीच्या साईटवर ग्लास रिपेअर शोधलं आणि चौकशीच्या चौकटीत नंबर भरला. वीस मिनिटांत अकरा फोन. अकरा! आणि त्यातल्या नऊ जणांनी काच किती जाडीची, किती बाय किती, कितवा मजला यातलं काही विचारलंच नाही, सरळ रेट. एक म्हणाला ११००, एक २८००, एकाने फोटो न बघताच सांगितलं की पूर्ण खिडकी बदलावी लागेल, १४,००० होतील. एकजण म्हणाला की आधी ३०० रुपये व्हिजिट चार्ज स्कॅन करून पाठवा मगच माणूस निघेल. मी नुसतं हो हो करत बसले कारण मलाच माहीत नव्हतं मला काय हवंय ते.

तर विचारायचं असं की अशा याद्यांमधून चांगला माणूस कसा ओळखायचा, आणि फोनवर त्याला काय काय सांगायचं म्हणजे तो नीट भाव सांगेल? पावसाचा भरवसा नाही, दोन-चार दिवसांत काम व्हायला हवंय.

---

मधला_मजला (८ जून, रात्री १०:१२)

ताई आधी हे करा, बाकी सगळं नंतर. ते शटर सरकवू नका अजिबात, आहे तिथेच लॉक करा. रुंद पारदर्शक पॅकिंग टेप घ्या, खोक्यांना लावतात ती, आणि तड्यावरून आतून लावा, एकच पट्टी नाही, तड्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार इंच जाईल अशी आडव्या-उभ्या पट्ट्यांची जाळी करा. लावताना काच दाबायची नाही, हलक्या हाताने. बाहेरून लावायला हात बाहेर काढू नका, सातव्या मजल्यावर तर नाहीच. टेपने काच मजबूत होत नाही पण सुटली तर तुकडे एकमेकांना धरून राहतात, एवढा वेळ मिळतो.

आमच्याकडे ठाण्यात मागच्या वर्षी अशीच झालेली, टेप लावून पाच दिवस काढले.

---

गुलबक्षी (८ जून, रात्री १०:४०)

लावली टेप. मनापासून आभार. बाबा म्हणतायत आता जरा बरं दिसतंय.

---

सेक्शनवाला (८ जून, रात्री ११:२५)

मी पिंपरीत अल्युमिनिअम फॅब्रिकेशनचं काम करतो, १९ वर्षं झाली. तुमच्या भागात मी येत नाही त्यामुळे गिऱ्हाईक मिळवायला लिहीत नाहीये हे आधी सांगतो.

तडा गेलाय आणि काच जागेवर आहे यावरूनच एक गोष्ट कळली, तुमची काच टफन नाही. टफन काचेला तडा जात नाही, ती फुटली की एका क्षणात सगळीच्या सगळी बारीक खड्यांसारखे तुकडे होऊन खाली येते. टफन म्हणजे काच ६०० अंशांच्या वर तापवून दोन्ही बाजूंनी हवेच्या झोताने झटक्यात गार करतात, त्याने वरचा थर आवळला जातो आणि आतला ताणलेला राहतो, म्हणून ती साध्या काचेच्या चार-पाच पट मार सोसते. साधी काच फुटली की सुऱ्यासारखे लांब तुकडे होतात, धोका त्यांचाच. तुमची साधीच आहे, बहुतेक ४ नाहीतर ५ एमेम.

आता फोनवर काय सांगायचं. आमच्या धंद्यात माणूस भाव कशावरून काढतो ते सांगतो म्हणजे तुम्हाला कळेल काय सांगायला हवं.

पहिली गोष्ट माप. काच स्क्वेअर फुटावर जाते. आम्ही फूट, इंच आणि सूत बोलतो, एका इंचाचे आठ सूत. समजा तुमच्या शटरची काच २३ इंच ५ सूत बाय ४६ इंच ३ सूत निघाली तर बिल २४ बाय ४८ चं होतं, म्हणजे ८ स्क्वेअर फूट, कारण पुष्कळ दुकानांत माप तीन इंचांच्या पटीत वर धरतात, काही ठिकाणी सहा इंचांच्या. ही फसवणूक नाही, रीत आहे, पण आधी विचारून घ्यायचं. तुम्ही फोनवर फक्त दिसणाऱ्या काचेचं अंदाजे माप सांगा आणि सोबत हेही सांगा की खरं माप तुम्ही येऊन घ्या. काच रबराच्या आत गेलेली असते, बाहेरून टेप धरून पक्कं माप निघत नाही. गिऱ्हाइकाच्या मापावर काच कापून आणणाऱ्याला काम देऊ नका, छोटी पडली की सिलिकॉनने भरून देतो आणि पहिल्याच मोठ्या पावसात पाणी आत.

दुसरी गोष्ट जाडी. मोबाईलने काचेची कड दिसेल असा फोटो काढता आला तर उत्तम, नाहीतर शटरच्या पट्टीचा आणि चाकांच्या ट्रॅकचा फोटो पाठवा, आम्ही सेक्शन, म्हणजे अल्युमिनिअमच्या पट्टीचा प्रकार, बघून सांगतो कितीची काच बसलेली असणार.

तिसरी गोष्ट, जी लोक सांगतच नाहीत आणि भाव सगळ्यात जास्त तिच्यावर फिरतो: काम आतून होणार की बाहेरून. तुमचं सरकतं शटर आहे, ते वर उचललं की ट्रॅकमधून आत येतं, चारी कोपऱ्यांचे स्क्रू काढून काच बदलतात. घरात बसून होणारं काम, सातवा मजला असला तरी फरक नाही. पण तेच वरची किंवा बाजूची फिक्स काच असेल तर दोर, झूला, बेल्ट, दोन जास्तीची माणसं आणि सोसायटीची परवानगी, सगळं आलं. फोनवर नुसतं ‘सातवा मजला, खिडकीची काच’ म्हटलं की समोरचा दोराचे पैसे धरून बोलतो. कदाचित २८०० वाला तेच धरून बोलत असेल.

१४,००० वाल्याला सोडून द्या. फोटो न बघता अख्खी खिडकी बदला म्हणणारा काच बदलणारा नाही, खिडक्या विकणारा आहे.

---

निशिगंध (९ जून, सकाळी ७:०५)

त्या ३०० रुपये स्कॅन करा म्हणणाऱ्यापासून लांब रहा गुलबक्षी, अगदी कळकळीने सांगतेय. माझ्या आईच्या बाथरूममधला आरसा बदलायचा होता, नकाशावर दुकानाचं नाव होतं, फोटो होते, चांगले अभिप्राय होते, फोन केला तर माणूस गोड बोलला, टोकन म्हणून २०० मागितले, दिले. मग म्हणाला की चुकून दोनदा आलेत, परत पाठवतो, ही विनंती आलीय ती मान्य करा आणि पिन टाका. आईने टाकला. ९,८०० गेले. नंतर कळलं की ते दुकान खरं आहे पण तिथला नंबर दुकानाचा नव्हताच, कुणीतरी बदललेला.

पैसे घ्यायला पिन लागत नाही. कधीच. पिन टाकला म्हणजे पैसे आपल्याकडून जातायत, एवढं घरातल्या मोठ्या माणसांना आजच सांगून ठेवा. आणि असं झालंच तर वाट न बघता १९३० वर फोन करा, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे, जितक्या लवकर कराल तितकी पैसे वाटेत अडवले जायची शक्यता जास्त. आई लाजून संध्याकाळपर्यंत काही बोललीच नाही आणि त्यात वेळ गेला, त्याचं मला अजून वाईट वाटतं. तिची काय चूक होती.

---

मधला_मजला (९ जून, सकाळी ८:३०)

+१ निशिगंध. आईंना सांगा, भल्याभल्यांचं झालंय हे.

डिरेक्टरीबद्दल माझं मत असं, चौकशीची चौकट भरायचीच नाही. ती भरली की तुमचा नंबर एकाच वेळी यादीतल्या अनेकांकडे जातो, त्यांनी त्यासाठी पैसे मोजलेले असतात, म्हणून ते तुटून पडतात, आणि जो पहिला फोन करेल त्याला काम मिळायची शक्यता म्हणून कुणी नीट प्रश्न विचारत बसत नाही. वर दिसणारी नावं पण बऱ्याचदा जाहिरातीचे पैसे दिलेली असतात. त्यापेक्षा यादी फक्त वाचायची, पत्ता बघायचा, आपल्या घरापासून चार-पाच किलोमीटरच्या आतली तीन नावं काढायची आणि आपण होऊन फोन करायचा.

मी दोन गोष्टी तपासतो. एक, तोच मोबाईल नंबर वेगवेगळ्या दहा दुकानांच्या नावाखाली दिसतोय का, नंबर सर्चमध्ये टाकला की कळतं. तसं असेल तर तो दुकानदार नाही, मधला माणूस आहे, काम दुसऱ्यालाच देणार आणि काही बिघडलं की कुणीच जबाबदार नाही. दोन, जीएसटी नंबर मागतो. जीएसटीच्या सरकारी साईटवर लॉगिन न करता कुणाचाही नंबर टाकून धंद्याचं नाव आणि पत्ता बघता येतो. महाराष्ट्रातला नंबर २७ ने सुरू होतो. आता छोट्या काचवाल्याकडे जीएसटी नसेलही, उलाढाल कमी असली तर नोंदणी सक्तीची नाही, म्हणून नंबर नाही म्हणजे लबाड असं समजू नका. पण नंबर दिला आणि तो भलत्याच नावाचा निघाला तर मात्र लांबूनच नमस्कार.

---

आजोबा_सदाशिव (९ जून, दुपारी १२:१५)

गुलबक्षीताई, तुमच्या वडिलांचं वय वाचून लिहावंसं वाटलं, मी त्यांच्याच आगेमागे.

आमच्या वाड्यात लाकडी चौकटीच्या खिडक्या होत्या. काच फुटली की शनिवारी एक गृहस्थ सायकलच्या कॅरिअरला लाकडी घोडी बांधून, त्यात काचा उभ्या लावून यायचे. खिशातून काच कापायचा हिरा काढायचे, पट्टी धरून एकच रेघ मारायची, खालून टिचकी, की काच सरळ दुभंगायची. मग चौकटीत बसवून बारीक चुका, म्हणजे छोटे खिळे, मारायच्या आणि वरून लांबी म्हणजे पुटी भरायची, खडूची भुकटी आणि जवसाचं तेल मळून केलेली. त्या तेलाचा वास मला अजून आठवतो. आम्ही मुलं ती लांबी चोरून तिचे गणपती करायचो आणि मार खायचो.

ज्यांच्याकडे अजून लाकडी खिडक्या आहेत त्यांनी डिरेक्टरीत ग्लास शोधू नये, सुतार शोधावा. अल्युमिनिअमवाला माणूस लाकडी चौकटीत सिलिकॉन थापून जातो आणि पुढच्या वेळी काच काढताना चौकटच सोलून निघते. आणि जुनी लाटालाटांची काच शाबूत असेल तर जपा. वितळवलेल्या कथलावर काच तरंगवून सपाट करायची फ्लोट पद्धत इंग्लंडात १९५९ साली जाहीर झाली, त्याच्या आधीच्या काचांमध्ये त्या लहरी असत. जुनी काच वितळून हळूहळू खाली उतरते म्हणून खाली जाड होते असं पुष्कळ लोक सांगतात, ते खरं नाही. ती बनतानाच कमीजास्त जाडीची व्हायची.

---

कऱ्हाडकर (९ जून, दुपारी १:४०)

आजोबा, फार छान लिहिलंत. थोडं अवांतर होतंय पण काचेचा विषय निघाल्यावर ओगलेवाडीच्या माणसाला गप्प बसवत नाही. आमच्या कऱ्हाडजवळचा ओगल्यांचा काच कारखाना १९१६ चा, प्रभाकर कंदील तिथला. त्याच्याही आधी १९०८ मध्ये तळेगाव दाभाड्याला पैसाफंडाचा काच कारखाना सुरू झाला होता, लोकांकडून एकेक पैसा गोळा करून. आजी सांगायची, कंदिलाची काच तडकली तर कंदील कुणी टाकत नसे, नुसती काच आणायची. आज अख्खी खिडकी बदला म्हणणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला पायजे.

---

वऱ्हाडी_वारा (९ जून, दुपारी ३:२०)

राजेहो, आमच्या अकोल्याची गोष्ट सांगतो, कोणाच्या तरी कामी येईल. आमच्या पश्चिमेच्या खिडकीले ऊन लय लागे म्हणून आतून काळी फिल्म लावून घेतली. मे महिन्यात एका दुपारी कोणी हात नाही लावला, दगड नाही, वारा नाही, टक्कन आवाज आला आणि काचेच्या कडेपासून तडा. डिरेक्टरीतून जो माणूस आला तो म्हणे पोराईनं चेंडू मारला असन. बदलून गेला, पुढच्या वर्षी पुन्हा तसंच!

मग नागपूरच्या एका आर्किटेक्ट भाच्यानं सांगितलं की काचेचा मधला भाग फिल्ममुळे तापते आणि कड चौकटीच्या आत थंड राहते, तो ताण साध्या काचेले सोसत नाही. तडा कडेपासून सरळ काटकोनात निघाला असन आणि माराची खूण नसन तर उन्हाचा तडा समजावा म्हणे. तिसऱ्यांदा टफन टाकली, आता चार उन्हाळे झाले. म्हणून सांगतो, फोन करताना काच कशी फुटली ते पण सांगा, नाहीतर तीच काच पुन्हा बसते आणि पुन्हा फुटते.

---

सेक्शनवाला (९ जून, रात्री १०:०५)

वऱ्हाडीभाऊ, एकदम बरोबर. कारण विचारणारा कारागीर चांगला, असं मी माझ्या पोरांना पण सांगतो.

गुलबक्षीताई, आता टफन टाकायची की साधी ते ठरवा. माझं मत विचाराल तर पलंगाजवळची खिडकी आहे, टफनच टाका. पण तीन गोष्टी माहीत हव्यात. टफन झाल्यावर ती कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, एक सूत मोठी आली तरी ती काच वाया. म्हणून माप घेऊन आधी कापतात, कडा घासतात, मग भट्टीला पाठवतात. ते काम कारखान्यात होतं, आमच्याकडे यायला चार-पाच दिवस सहज लागतात. जो म्हणतो संध्याकाळी टफन लावून देतो तो बहुतेक साधी काच लावणार. काच आली की कोपऱ्यात शिक्का बघा, छापलेला, पुसता न येणारा, आयएस २५५३ लिहिलेलं असतं, सुरक्षा काचेच्या भारतीय मानकाचा तो नंबर. तो स्टिकर नसतो.

पोलराइज्ड गॉगल असेल तर तो घालून तिरक्या उजेडात बघा, टफन काचेवर काळपट ठिपके किंवा पट्टे दिसतात. साध्या काचेत काही दिसत नाही.

आणि हेही सांगतो, कारण हे कुणी सांगत नाही. टफन काच क्वचित कधीतरी आपोआप पण फुटते, आत निकेल सल्फाइडचा बारीक कण राहिला तर. तुकडे पडले नाहीत तर मध्ये फुलपाखराच्या पंखांसारखे दोन मोठे तुकडे दिसतात, तिथून सुरुवात झालेली असते. म्हणून जिथे खाली माणसं फिरतात तिथे लॅमिनेटेड सगळ्यात चांगली, दोन काचांच्या मध्ये पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा पडदा असतो, फुटली तरी तिथेच चिकटून राहते. गाडीची पुढची काच तशीच असते. पण तुमच्या सेक्शनमध्ये ती जाडी बसेल का आणि चाकं वजन ओढतील का हे बघावं लागेल. हिशोब सोपा आहे, एक मीटर बाय एक मीटर काच दर एमेमला अडीच किलो. तुमची ८ स्क्वेअर फूट काच ५ एमेममध्ये सव्वानऊ किलोच्या आसपास भरेल. जुनी बेअरिंग असतील तर त्याच वेळी बदलून घ्या.

---

रेडिंगकर (१० जून, पहाटे ३:१०)

इकडे इंग्लंडमध्ये पण हाच अनुभव आला म्हणून लिहितेय. आमच्या घराला डबल ग्लेझिंग, दोन काचांच्या मध्ये धुकं जमायला लागलं. पुसायला गेले तर आतूनही पुसलं जाईना आणि बाहेरूनही. याचा अर्थ कडेचं सील गेलं, आत हवेतली ओल शिरली. कंपनीचा माणूस आला आणि दहा मिनिटांत सगळ्या आठ खिडक्या बदलायचा कागद पुढे केला, आज सही केली तर निम्म्या किमतीत म्हणे. मी त्या दिवशी सही केली नाही हे नशीब.

चौकट चांगली असेल तर नुसतं काचेचं युनिट बदलता येतं. युनिटची पूर्ण जाडी लागते, आमची २८ एमेम होती, म्हणजे ४ ची काच, २० ची पोकळी, ४ ची काच. पेटता लायटर काचेसमोर धरला की एकेरी काचेतल्या दोनच्या ऐवजी चार ज्योती दिसतात, दोन काचांचे चार पृष्ठभाग.

इथे एक सोय चांगली आहे. फेन्सा नावाची नोंदणी योजना २००२ पासून आहे. पूर्ण खिडकी बदलली की नोंदणी असलेला माणूस त्याचं प्रमाणपत्र मिळवून देतो आणि घर विकताना वकील ते मागतो. त्यांची स्वतःची यादी आहे, पिनकोड टाकला की जवळची नावं येतात आणि त्यांच्या कामांची अधूनमधून तपासणी होते. नुसती काच बदलायला ते प्रमाणपत्र लागत नाही. भारतात काचकामाला अशी यादी असती तर निशिगंधच्या आईंसारख्यांचं किती भलं झालं असतं असं वाचताना सारखं वाटत होतं.

---

मांडवीकाठ (१० जून, सकाळी ९:२५)

गोव्याहून. आमच्या जुन्या घराच्या खिडक्यांना काच नाही, शिंपले आहेत, लाकडी पट्ट्यांच्या चौकोनांत बसवलेले, ऊन गाळून दुधासारखा उजेड आत येतो. त्यातले सात-आठ फुटलेत. डिरेक्टरीत जितक्यांना फोन केला तितक्यांनी अॅक्रिलिक लावा सांगितलं. कुणी करणारं माहीत आहे का? नवे शिंपले खाडीतून काढायला बंदी आहे, वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे आणि ते असायलाच हवं, त्यामुळे मोडलेल्या घरांच्या जुन्या खिडक्यांतलेच मिळवावे लागतील.

---

आजोबा_सदाशिव (१० जून, सकाळी ११:००)

मांडवीकाठ, डिरेक्टरीत नाही मिळणार. तुमच्या गावात जुन्या चर्चची किंवा देवळाची दुरुस्ती चालू असेल तिथल्या सुतारांना गाठा. अशी कामं त्यांच्याकडेच असतात. आणि अॅक्रिलिक लावू नका हो, तो उजेड पुन्हा मिळणार नाही.

---

गुलबक्षी (१० जून, संध्याकाळी ७:४५)

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, माफ करा. काय केलं ते सांगते.

यादीतून आपल्या भागातली चार नावं काढली. मधला_मजला म्हणाले तसं नंबर सर्चमध्ये टाकले, त्यातला एक तर प्लंबर, पेस्ट कंट्रोल आणि काच असा तीन नावांखाली निघाला, तो सोडला. उरलेल्या तिघांना सेक्शनवालादादांनी सांगितलं तसं एकच वाक्य पाठ करून बोलले, की सरकत्या शटरची साधी काच तडकलीय, वाऱ्याने आपटून, अंदाजे दोन बाय चार फूट, सातवा मजला पण काम आतून, टफन हवी, माप तुम्ही घ्यायचं, फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवते. विश्वास ठेवा, तिघांच्याही बोलण्याचा सूर बदलला. तिघांनी सांगितलेले आकडे १६०० ते १९५० च्या मध्ये आले! परवा ११०० ते १४,००० होते.

त्यातल्या एकाने स्वतःहून विचारलं, ‘ताई, आपटली म्हणताय तर शटरला स्टॉपर आहे का, रबर कडक झालंय का?’ त्यालाच बोलावलं. उद्या सकाळी माप घ्यायला येतोय, व्हिजिटचे पैसे वेगळे मागितले नाहीत.

---

सेक्शनवाला (१० जून, रात्री ९:३०)

हाच माणूस धरा. रबर नवीन घ्या त्याच्याकडून, जुनं परत लावू देऊ नका. आणि तो ट्रॅक साफ करेल तेव्हा खालच्या ट्रॅकमधली पाणी जायची भोकं उघडी करून घ्या, धुळीने बुजलेली असतात, पाऊस आत येतो तो निम्म्या वेळा त्याच्यामुळे.

निशिगंधताई, तुमचा आरसा राहिला असेल तर एक सांगतो. आरशामागे कुणी व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन लावत असेल तर थांबवा, त्याने मागचा चांदीचा थर खराब होतो, काही महिन्यांत काळे डाग. न्यूट्रल सिलिकॉन मागा.

---

निशिगंध (१० जून, रात्री ९:५२)

हे माहीतच नव्हतं दादा. आईचा आधीचा आरसा कडेने काळा पडला तो बहुतेक यामुळेच. लिहून ठेवलं.

---

गुलबक्षी (१७ जून, दुपारी ४:१०)

झालं काम! काच पाचव्या दिवशी आली. दोघंजण होते, चामड्याचे हातमोजे, आधी जुन्या काचेला अजून टेप मारली, शटर उचलून आत आणलं, हॉलमध्ये चादर पसरून स्क्रू काढले, तासाभरात बसली. कोपऱ्यात शिक्का आहे, आयएस २५५३, बाबांनी स्वतः भिंग लावून वाचला आणि मग मला बोलावून दाखवला. स्टॉपर नव्हताच, तो लावला, दोन बेअरिंग बदलली, भोकं मोकळी केली. एकूण २,३०० झाले, कागदावर लिहून घेतले, त्यात काचेची जाडी आणि टफन हा शब्द पण लिहायला लावला.

जुन्या काचेचे तुकडे त्यांनी तसेच पिशवीत भरून जिन्यात ठेवले होते. ते मी परत घरात आणले, वर्तमानपत्रात गुंडाळले, खोक्यात घालून टेप मारली आणि वर मोठ्या अक्षरात ‘काच’ लिहिलं, आणि सकाळी कचरा न्यायला ‘स्वच्छ’ संस्थेच्या ताई आल्या तेव्हा त्यांच्या हातात दिलं. त्या म्हणाल्या, असं लिहून कुणी देत नाही हो, आमचे हातच कापतात. तुम्ही सगळे काच बदलाल तेव्हा एवढं नक्की करा.

कुंड्या काढल्या खालच्या. कालपासून पाऊस आहे, ट्रॅकमध्ये थेंब नाही. बाबांचा पलंग परत खिडकीखाली.

---

वऱ्हाडी_वारा (१७ जून, संध्याकाळी ६:००)

लय बरं वाटलं वाचून. ते फोनवरचं वाक्य मी जसंच्या तसं घरच्या ग्रुपवर टाकलं, फक्त टफन हवीच्या पुढं ‘फिल्म नको’ जोडलं.